आज किती फूट?

जूनचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्या घरात कव्हरांचा आठवडा. टेबलावर तिसरीच्या पुस्तकांचा गठ्ठा, खाकी कागदाचा रोल, कात्री, सेलोटेप, नावाची लेबलं, आणि सगळ्या हॉलमधे नव्या पुस्तकांचा तो वास. रविवारची सकाळ होती. शनिवारी रात्री मी मेथोट्रेक्सेट घेते, संधिवातावरची आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी, त्यामुळं रविवारची सकाळ तशीही माझ्या हातात नसतेच, मळमळत असतं, चहासुद्धा नको वाटतो, आणि त्यात बाहेर आभाळ भरून आलेलं. लेक गठ्ठा घेऊन पलंगापाशी आला, "आई, कव्हरं घालूया?" मी म्हटलं हात दुखतायत रे, बाबांबरोबर घाल. बरं म्हणून गेला. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठला तेव्हा मी हॉलमधे बसले होते, मांडीवर उशी, उशीवर फोन, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टाइप करत होते. तो तिथंच तांब्या हातात घेऊन उभा राहिला, माझ्याकडं बघितलं, टेबलावर अर्धवट राहिलेल्या गठ्ठ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "लिहिताना हात दुखत नाहीत होय?"

तक्रार नव्हती हो त्यात. खरंच विचारत होता, जसं पाऊस कुठून येतो विचारतो तसं. मी म्हटलं, दुखतात. "मग?" म्हणाला. मग झोप आता, उद्या शाळेची तयारी करायचीय. तो गेला आणि दोन मिनिटांत घोरायलाही लागला.

ते "मग?" काही माझ्या डोक्यातून जाईना.

डॉक्टरी उत्तर आहे त्याला आणि ते खोटं नाही. संधिवातात, म्हणजे हा जो रूमॅटॉइड आहे त्यात, सकाळचे हात आणि रात्रीचे हात हे दोन वेगळ्या बायकांचे असावेत इतका फरक असतो. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि ती सूज वाढवणारी जी काही रसायनं आहेत त्यांचा जोर पहाटे जास्त असतो, म्हणून उठल्या उठल्या बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. दूधपिशवीचं टोक कापायला कात्रीत बोटं जात नाहीत. गरम पाण्यात हात धरून बसायचं, मग हळूहळू दुपारपर्यंत सैल होतात. रात्री त्यातल्या त्यात बरे असतात. शिवाय कव्हर घालायचं म्हणजे चिमूट लागते, कागदाची घडी नखानं दाबत न्यायची, पुठ्ठा आत सरकवायचा, कोपरे दुमडायचे, सेलोटेपचं टोक शोधून काढायचं. माझी चिमूटच गेलीय. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दाबलं की मनगटापर्यंत कळ जाते. फोनच्या काचेवर बोट नुसतं टेकवायचं असतं, तेवढं जमतं.

हे सगळं मी त्याला दुसऱ्या दिवशी नीट समजावून सांगू शकले असते आणि त्याला पटलंही असतं. पण मला माहीत होतं की हे अर्धंच उत्तर आहे. कारण रात्री साडेअकराला हात सैल होते आणि गठ्ठा समोर टेबलावरच होता. एक-दोन पुस्तकं, वाकडीतिकडी का होईना, झाली असती. मी नाही घातली. मी लिहीत बसले. आणि लिहीत काय होते, तर माझे वडील कव्हरं कशी घालायचे ते.

आमच्या लहानपणी खाकी कागद फक्त पुस्तकांना, वह्यांना नाही. वह्यांना गेल्या वर्षीचं कालनिर्णय. वडील डिसेंबर संपला की ते फेकू द्यायचे नाहीत, गुंडाळून माळ्यावर ठेवायचे आणि जूनमधे खाली काढायचे, तोवर त्याला माळ्यावरच्या धुळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास लागलेला असायचा. तारखांची बाजू आत की बाहेर यावर आम्हा भावंडांत भांडणं. माझ्या भूगोलाच्या वहीवर एका वर्षी संकष्टी होती आणि आईच्या हातानं लिहिलेला दुधाचा हिशोब होता, पाव लिटर जास्त, पाव लिटर कमी. वडील जमिनीवर मांडी घालून बसायचे, फूटपट्टीनं घडी अशी कडक पाडायचे की वर्षभर कव्हर निघायचं नाही. कागदावरून पट्टी ओढल्याचा तो सर्रर्र आवाज. माझ्या मुलाला तो आवाज माझ्या हातून ऐकायला मिळायचा नाही हे मला त्या रविवारी सकाळीच कळलेलं होतं, आणि म्हणूनच रात्री तो आवाज कुठंतरी लिहून ठेवावा असं वाटलं असणार. आता हे मुलाच्या वाट्याचं त्याच्याकडून काढून घेणं झालं की त्याच्यासाठी काही जमवून ठेवणं, याचं उत्तर मी रोज वेगळं देते.

मला हे दुखणं त्याच्या आधीचं. लग्नानंतर दोनेक वर्षांत बोटं सुजायला लागली, दोन्ही हातांची, अगदी सारखी सारखी बोटं. आरए फॅक्टर, अँटी सीसीपी, ईएसआर, सीआरपी, रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. मूल हवंय म्हटल्यावर डॉक्टरांनी पहिलं काय केलं तर मेथोट्रेक्सेट बंद केलं, ते गर्भाला चालत नाही, काही महिने आधीपासून थांबवावं लागतं, आणि नुसत्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या दुसऱ्या गोळीवर ठेवलं. मी घाबरले होते. पण झालं उलटंच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून हात हलके व्हायला लागले. मी पुरणपोळ्या केल्या त्या वर्षी, स्वतः पुरण वाटून. केसांचा घट्ट अंबाडा घालता यायला लागला. सातव्या महिन्यात ओटीभरणाला ज्या बायका आल्या त्या म्हणाल्या बघ, मूल पायगुणाचं आहे. मलाही तसंच वाटायचं.

पुढं वाचताना कळलं की हे पुष्कळ जणींचं होतं, आणि या एका गोष्टीवरून केवढा शोध लागलाय. अमेरिकेत मेयो क्लिनिकमधे फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते, त्यांच्या लक्षात आलं की संधिवाताच्या बायकांना गरोदरपणात आराम पडतो, काहींना कावीळ झाल्यावरही पडतो, तर शरीरात तेव्हा काहीतरी तयार होत असलं पाहिजे. ते त्या काहीतरीच्या मागं वर्षानुवर्षं लागले. सप्टेंबर 1948 मधे एका 29 वर्षांच्या बाईला, जिला अंथरुणातून उठणं मुश्कील होतं, त्यांनी कॉर्टिसोन, शरीरातच तयार होणारं एक संप्रेरक, टोचलं आणि काही दिवसांत ती बाई चालत बाजारात खरेदीला गेली. 1950 साली हेंच आणि या संप्रेरकांवर काम केलेले केंडल आणि राइश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. नंतर त्याच औषधाचे दुष्परिणामही सगळ्यांना दिसले, आणि गरोदरपणाचं कोडं एवढं सरळ नाही हेही कळलं, पण मला त्या गोष्टीतलं जे धरून ठेवावंसं वाटतं ते म्हणजे कुणीतरी डॉक्टर बायका काय सांगतायत ते ऐकत होता. "मला पोटुशी असताना बरं वाटत होतं" हे वाक्य किती जणींनी किती डॉक्टरांना सांगितलं असेल आणि बरं बरं म्हणून पुढचा पेशंट आत बोलावला गेला असेल.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत सगळं परत आलं, व्याजासकट. हेही पुष्कळ जणींचं होतं, पण ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांचं एकच निदान, वारं लागलं. कान बांधले नाहीत, पंख्याखाली झोपली, गार पाण्यात हात घातला. सासूबाईंनी मनापासून केलं हो सगळं, शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, आणि खरं सांगायचं तर शेगडीपुढं हात धरले की तेवढ्यापुरतं बरं वाटायचंही. पण झबल्याच्या नाड्या मला बांधता यायच्या नाहीत. लंगोटाची गाठ नाही. बाळाच्या मानेखाली हात घालून उचलताना मनगट दगा देईल की काय ही भीती, म्हणून मी दोन्ही कोपरांवर घ्यायचे त्याला, आणि बघणारी एखादी बाई म्हणायचीच की अगं नीट धर की, पहिलटकरणी अशाच. अंगावर पाजायचं होतं म्हणून मेथोट्रेक्सेट लांबणीवर पडलं, मग एका टप्प्यावर डॉक्टर म्हणाले दूध की हात, आता ठरवा. मी हात म्हटलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो आणि आजही तो आठवला की छातीत काहीतरी दाटून येतं. दोन्ही एकदम असतं, एकानं दुसरं पुसलं जात नाही.

2019 च्या ऑगस्टमधे सांगलीत पाणी आलं तेव्हा तो दोन वर्षांचा होता. आमच्या गल्लीत पाणी शिरायच्या आधी आम्ही नातेवाइकांकडं वरच्या भागात गेलो, मी कपड्यांची पिशवी घेतली नाही पण गोळ्यांचा डबा घेतला. त्या दिवसांत सांगलीतल्या कुठल्याही घरात सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य एकच होतं, आयर्विनला किती फूट? कृष्णेवरचा 1929 सालचा तो आयर्विन पूल, त्याच्याजवळच्या पातळीवर अख्ख्या गावाची झोप अवलंबून. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पाठ असतं. त्या घरात सगळे खाली गाद्या टाकून झोपायचे आणि फरशीवरून उठताना मला दोघांचा आधार लागायचा, तेव्हा नवरा हळूच विचारायचा, आज किती फूट? मी म्हणायचे, बेचाळीस. तेवढ्यानं त्याला सगळं कळायचं.

पूर ओसरला पण ते राहिलं. लेक बोलायला लागल्यापासून हीच आमची मोजणी आहे. त्याच्या लेखी तीसच्या खाली आई पळू शकते. तीस ते चाळीस, आई स्वयंपाक करेल पण पोळ्या बाहेरून येतील. चाळीसच्या वर गोष्ट सांगेल, पाढे म्हणून घेईल, पण झोपून. पंचेचाळीसच्या वर आईला काही मागायचं नाही. हा शेवटचा नियम त्याचा त्यानंच केलाय, आम्ही कुणी नाही. सुरुवातीला मला कौतुक वाटलं, आलेल्या-गेलेल्याला सांगितलंही असेल. मग लक्षात आलं की हल्ली तो विचारतच नाही. माझ्या चेहऱ्यावरून, चप्पल ओढत चालण्याच्या आवाजावरून तो स्वतःच आकडा ठरवतो, आणि नेहमी जरा जास्तच धरतो. माझे बत्तीस असतात तेव्हा तो चाळीस धरून डब्याचं झाकण स्वतःच दातानं उघडतो. शाळेत काही आणायला सांगितलंय का विचारलं तर नाही म्हणतो, आणि मग दुसऱ्या कुणाच्या आईच्या मेसेजवरून कळतं की चार्ट न्यायचा होता. आठ वर्षांच्या मुलानं इतकं शहाणं असू नये. मला त्याचा अभिमानही वाटतो, पण रात्री दोन वाजता जाग येते ती त्या अभिमानानं नाही.

रनॉर नावाचे फ्रेंच चित्रकार होते, त्यांना हाच आजार होता. पन्नाशीत सुरू झाला, शेवटची वीसेक वर्षं हात पार वाकडे, बोटं तळव्यात वळलेली, चाकाची खुर्ची, तरी 1919 मधे जाईपर्यंत ते चित्रं काढत राहिले. संधिवाताच्या पेशंटला कुणी ना कुणी ही गोष्ट सांगतंच, धीर यावा म्हणून. ब्रश हाताला बांधायचे असंही सांगतात, ते तसं नव्हतं, तळव्याच्या कातडीला जखम होऊ नये म्हणून पट्ट्या गुंडाळलेल्या असायच्या आणि ब्रश त्या वळलेल्या बोटांत कुणीतरी द्यायचं. 1915 मधलं त्यांचं एक छोटं चलचित्रण आहे, रंगवताना टिपलेलं. त्यात शेजारी त्यांचा धाकटा मुलगा उभा आहे, चौदा वर्षांचा, वडिलांच्या हातात ब्रश तो देतोय. सगळे त्या म्हाताऱ्याच्या जिद्दीबद्दल बोलतात. मी ते पाहिलं तेव्हा मला फक्त ते पोरगं दिसलं. त्याला खेळायला जायचं असेल का? की त्याला तिथंच उभं राहायचं होतं? दोन्ही असू शकतं. वडिलांचं काम आपल्या हातून पुढं सरकतंय हे त्या वयात किती मोठं वाटत असेल, आणि किती जडही.

माझं लिहिणं काही त्या तोलाचं नाही, पण ते मला लागतं. घरात माझ्याबद्दल जे बोलणं होतं त्यातलं बहुतेक माझ्या सांध्यांबद्दल असतं. गोळी घेतली का, रक्त कधी द्यायचं, लिव्हरचा रिपोर्ट आला का, डोळ्यांची वार्षिक तपासणी राहिलीय. सगळं प्रेमानं. पण दिवसभर हेच ऐकल्यावर आपण म्हणजे एक फाइल आहोत असं वाटायला लागतं. लिहायला बसते तेव्हा मी वडिलांच्या फूटपट्टीबद्दल लिहिते, गणपती मंदिराबाहेरच्या भेळेबद्दल लिहिते, हळदीच्या हंगामात वसंतदादा मार्केट यार्डाकडून जाताना नाकात शिरणाऱ्या वासाबद्दल लिहिते, आणि त्या वेळात मला दुखत असलं तरी मी पेशंट नसते. माझ्या मुलाला एक आई हवी जी पेशंट नाही, निदान रात्रीचा एखादा तास. तो तास मी त्याच्या कव्हरांतून काढते, आणि मी तो काढणार आहे. असं ठामपणे म्हणायला मला फार वर्षं लागली, कारण आपल्याकडं आजारी बाईनं उरलीसुरली ताकद आधी मुलाला द्यायची, मग घराला, आणि त्यातूनही उरली तर ती झोपून वाचवायची, असंच सगळ्यांना वाटतं. बाई लिहीत बसली की लोकांना वाटतं, मग एवढं काही दुखत नसणार.

हात फारच वाईट असतात तेव्हा मी बोलून लिहिते. मराठीत बोलून टाइप करायची सोय गूगलनं 2017 मधे दिली, माझा लेक त्याच वर्षीचा, दोघं बरोबरच मोठे झालेत. फोन तोंडासमोर धरायचा आणि बोलत राहायचं, ते लिहीत जातं, विरामचिन्हांचा पत्ता नसतो, पण चालतं. फक्त फोनला कळत नाही की घरात बोलतंय कोण. त्यामुळं माझ्या मजकुरात मधेमधे तो असतोच. एका नोंदीत मी आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत होते, ते वाक्य असं उतरलंय, आई तेव्हा काहीच खायची नाही फक्त ताकाचा एक घोट आणि आई माझी वॉटरबॉटल कुठंय ओट्यावर बघ आणि म्हणायची तू जेवलीस का. सुरुवातीला मी हे सगळं नंतर बसून साफ करायचे. आता नाही करत. ती बाटली, तो ओटा, तेही त्याच वेळी घडलेलं आहे, माझ्या आईच्या आठवणीच्या मधोमध, आणि ते काढलं तर जे उरतं ते कुणा मोकळ्या बाईनं शांत खोलीत बसून लिहिल्यासारखं दिसतं. मी तशी लिहीत नाही.

कव्हरांचं म्हणाल तर ती सोमवारी संध्याकाळी त्या दोघांनी मिळून घातली. गणिताच्या पुस्तकाला इतकी सेलोटेप लागलीय की ते नीट उघडत नाही. मी पलंगावरून पट्टीनं घडी कशी पाडायची ते सांगत होते, नवरा म्हणाला, तुझे वडील करायचे तसं होय? म्हणजे त्यानं वाचलं होतं.

आणि आता लेकही वाचायला लागलाय. परवा माझा फोन घेऊन बसला होता, खेळत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही, तर एकदम आत आला, चेहरा लाल. शाळेच्या क्रीडादिनाला सगळ्यांच्या आया मैदानावर होत्या आणि मी येऊ शकले नव्हते, त्या दिवशी तो घरी येऊन पांघरुणात रडला होता, ते मी लिहून ठेवलं होतं. म्हणाला, "हे काढ. हे माझं आहे." मी काय लिहावं हे तो ठरवू शकतो का, यावर मी जरा वेळ गप्प बसले, कारण ते रडणं मीही भोगलं होतं, दाराच्या अलीकडं उभी राहून. पण पांघरूण त्याचं होतं. मी काढलं त्याच्यासमोर, आणि इथं त्याचा उल्लेख करायच्या आधीही त्याला विचारलं. बराच विचार करून हो म्हणाला, पण एक अट घातली. रडलेलं लिहिणार असशील तर मला सतराचा पाढा येतो तेही लिही. तर लिहिते. त्याला सतराचा पाढा येतो, सतरा नव्वे त्रेपन्नासे न अडखळता येतं, वर्गात फार कुणाला येत नाही, आणि तो त्याला मी शिकवलाय, पंचेचाळीस फुटांच्या वर असताना, झोपून.